डाव्या हाताचा हिवाळा

आमचं घर म्हणजे एका गोठ्याची मागची बाजू होती. तीर्थपुरीपासून पायी दीड तासावर एका शेतमालकाचा मळा होता, तिथं सहा बैल आणि दोन म्हशी बांधलेल्या असायच्या, आणि गोठ्याच्या मागच्या भिंतीला टेकून पत्र्याची एक खोली काढलेली होती. त्या खोलीत माय, मी आणि माझी धाकटी बहीण कमल अशा तिघी राहायचो. भिंतीपलीकडं जनावरं रवंथ करायची ते इकडं ऐकू यायचं. एखाद्या बैलानं अंग घासलं की आमच्या फळीवरची भांडी हलायची. शेणाचा, कडब्याचा आणि म्हशीच्या ओल्या अंगाचा वास आमच्या कपड्यांना कायमचा होता. शाळेत मुली नाकाला ओढणी लावायच्या तेव्हा मला आधी कळायचंच नाही की ते माझ्यासाठी आहे. खोलीचं भाडं नव्हतं. त्याच्या बदल्यात गोठ्याची झाडलोट आणि जनावरांची वैरण आमच्याकडं होती.

बाप आम्हाला होता. मी सात वर्षांची होईपर्यंत तो घरात होता, आणि तो घरात असला की आम्ही तिघी बाहेर असायचो. पिऊन आला की हातात येईल ते फेकायचा. एकदा त्यानं तापलेला तवा फेकला, तो मायच्या खांद्याला लागला. तिनं त्यावर कोरफड लावली आणि त्याच हातानं राहिलेल्या भाकरी भाजल्या. मग एक दिवस तो जालन्याला लोखंडाच्या कारखान्यात कामाला म्हणून गेला तो गेलाच. तिकडं त्यानं दुसरं घर केलं असं लोक सांगायचे. माय एवढंच म्हणाली, "बरं झालं. आता चुलीपाशी मागं वळून पाहायचं काम न्हाई."

खाणं म्हणजे ज्वारीच्या कण्या. मालकाच्या घरून लोणी काढलेलं ताक मिळायचं, त्यात शिजवायच्या. पावसाळ्यात बांधावरची अंबाडी, तांदुळजा, कधी हुलग्याचं माडगं. भाकरी असली तर एकीच्या तीन व्हायच्या आणि मधला मऊ भाग कमलला जायचा. भूक फार लागली की मी शाळेच्या वाटेवर मोठ्यानं पाढे म्हणत चालायची. एकोणतीसच्या पाढ्यात डोकं इतकं गुंतायचं की पोटाकडं लक्ष राहायचं नाही. आजही डॉक्टरकडं रांगेत बसले की माझे ओठ आपोआप हलायला लागतात. कमल म्हणते, "अक्का, लोकांना वाटतं तू जप करून राह्यली."

आमच्या भागात तेव्हा कापसाच्या बियाण्याचे प्लॉट नवीन सुरू झाले होते. त्या कामाला सगळे क्रॉसिंग म्हणायचे. दुपार कलली की उद्या उमलणारी कळी हेरायची, नखानं तिचं साल सोलायचं, आतले पिवळे केसर एकही न ठेवता काढून टाकायचे आणि खूण म्हणून लाल कागद अडकवायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी नराच्या ओळीतलं फूल आणून त्या कळीच्या तोंडावर फिरवायचं. कळीला धक्का लागला तर ती गळते, केसर राहिला तर बियाणं बिघडतं. बायकांपेक्षा पोरींची बोटं त्या कामाला बरी पडायची, आणि पोरींत माझी सगळ्यांत जलद होती. शाळेच्या आधी आणि शाळेनंतर मी प्लॉटवर असायची. माझ्या वह्या, कमलची पाटी आणि घरातलं तेल-मीठ त्या दहा बोटांवर चालायचं. त्या बोटांचा मला गर्व होता. दुसरं गर्व करावं असं काही नव्हतंच.

मी दहावीत होते. दसरा होऊन गेला होता. सकाळची वेळ, शाळेला निघायच्या आधी आम्ही मायलेकी वैरण कापत होतो. कडबाकुट्टीचं यंत्र हातानं फिरवायचं होतं. एका बाजूला मोठं चाक, त्याला दोन पाती. माय चाक फिरवायची आणि मी यंत्राच्या तोंडात कडबा सारायची. गेली तीन वर्षं आम्ही ते रोज करत होतो. त्या दिवशी कडबा दहिवरानं ओला झालेला होता. एक पेंढी अडकली, ती ढकलायला मी हात जरा आत घातला. चाकाला गती होती. मायनं थांबवायला दोन्ही हातांनी दांडा धरला, पण जड चाक तेवढ्यानं थांबत नाही.

दुखलं नाही. लोकांना खरं वाटत नाही, पण पहिल्यांदा दुखलंच नाही. मी हात बाहेर काढला आणि पाहिलं की उजव्या हाताला अंगठा आहे आणि करंगळी आहे. मायनं डोक्यावरचा पदर फाडला, हात गच्च आवळला, तो वर धरून मला मालकाच्या जीपपर्यंत पळवत नेलं. जालन्याच्या सरकारी दवाखान्यापर्यंत ती माझा हात तसाच वर धरून उभी होती. जीपमध्ये बसायला जागा होती, पण ती बसली नाही. टपाला डोकं आपटत, वाकून, सगळी वाट उभी.

वीस दिवसांनी घरी आले. मालकीण काकी भेटायला आल्या. मनानं वाईट बाई नव्हत्या, माझ्यासाठी वाटीभर शिरा आणला होता. माझ्या हाताकडं पाहून त्यांचे डोळे भरले. मायला म्हणाल्या, "आता हिची शाळा राहू दे गं. लिहिणार कशानं? घरात बसून कमलला सांभाळेल, तुझं काम हलकं होईल."

माय चुलीत काटक्या सारत होती. म्हणाली, "दुसरा हात हाय न्हवं तिला."

"अगं, डाव्या हातानं काय होतं?"

"होईल न्हाईतर न्हाई होणार. करून पाहू द्या."

त्या दिवसापासून मायनं मला कशालाच हात लावू दिला नाही असं नव्हे, उलट झालं. तिनं मला कशालाच हात दिला नाही. माझी वेणी मी घालायची. परकराची नाडी मी बांधायची, दात आणि डावा हात लावून. घागर मी उचलायची. पीठ मळायचं आणि भाकरी थापायचीही मीच. एका हातानं भाकरी थापली की ती एकीकडं जाड, दुसरीकडं फाटलेली व्हायची. माय ती तशीच खायची. कमलला माझी दया यायची. ती गुपचूप माझ्या परकराची नाडी बांधायला आली की माय ओरडायची, "कमे, सोड! तिचं ती करंल!" शेजारच्या मळ्यातल्या बायका मायला दगडाच्या काळजाची म्हणायच्या. मलाही तसंच वाटायचं. त्या हिवाळ्यात मी माझ्या आईचा मनापासून राग केला. चाक तिनं फिरवलं होतं. ही गोष्ट मी तोंडानं कधी बोलले नाही, पण भाकरी फाटली की ती माझ्या डोक्यात यायची. तिच्याही येत असेल असं तेव्हा सुचलं नाही. पंधरा वर्षांच्या पोरीला स्वतःच्या दुःखापलीकडं फारसं दिसत नाही.

नसलेली बोटं दुखायची. दवाखान्यात सांगितलं होतं की असं होतं, पण सांगणं वेगळं. पहाटेच्या गारठ्यात मधलं बोट, जे नव्हतंच, ते असं वळून यायचं की मी जागेवरून उठून बसायची. मग मी डावा हात कामाला लावायची. राखेचं ताट घ्यायची आणि बोटानं त्यात अ, आ, इ काढायची. दहावीची मुलगी राखेत अ काढत होती. आधी अक्षरं कोंबडीनं उकरल्यासारखी यायची. खांदा भरून यायचा, कारण मनगटाला वळणच माहीत नव्हतं आणि अख्खा दंड अक्षर काढायचा. मी स्वतःला एक नियम घातला. थांबावंसं वाटलं की थांबायचं नाही, अजून एक ओळ काढायची आणि मग थांबायचं. ती ओळ काढून झाली की परत थांबावंसं वाटायचं, परत एक ओळ. माझ्या आयुष्यात मी जे काही केलं ते या एका ओळीच्या नियमावर केलं. यापेक्षा मोठं शहाणपण माझ्याकडं नाही.

महिन्यानं शाळेत गेले. वर्गात सगळे माझ्या ओढणीखालच्या हाताकडं पाहत होते. काझी सर गणित शिकवायचे. तीर्थपुरीचेच, उंच, किडकिडीत, सदऱ्याच्या खिशाला नेहमी शाईचा डाग. त्यांनी तास संपल्यावर मला थांबवून घेतलं आणि माझी वही पाहिली. शाई सगळी फासटलेली होती. डावा हात जसा पुढं जाईल तसा तो लिहिलेलं पुसत जायचा. निब कागदात अडकून भोकं पडली होती.

सर हसले. मला रडू आलं.

"रो मत बेटा. तुझ्यावर न्हाई हसलो. माझे वालिद आठवले, माझे वडील." ते खाली माझ्या शेजारी बाकावर बसले. "ते कातिब होते. हातानं उर्दू लिहून द्यायचे, लग्नाच्या पत्रिका, अर्ज. उर्दू उजवीकडून डावीकडं जाते, आणि लिहिणारा हात उजवा. म्हणजे त्यांचाबी हात ओल्या शाईवरूनच जायचा. तुझी मुसीबत जी हाय, ती त्यांची रोजची होती."

"मंग ते काय करायचे?"

"हात ओळीच्या खाली ठेवायचे. ओळीवर बिलकुल न्हाई. हे बघ." त्यांनी माझी वही उजवीकडं कलती केली, माझं मनगट धरून खाली सरकवलं. "आता लिही. आणि ही निब फेकून दे, ती ओढायला असते, तू ढकलून राह्यली. पेन्सिलीनं लिही, मंग बॉलपेन घे."

मी लिहिलं. अक्षरं वाकडी आली, पण स्वच्छ आली. एक शब्दही पुसला नव्हता. शब्दावरची रेघ मात्र मी नकळत उजवीकडून डावीकडं ओढली. सरांनी ते पाहिलं आणि या वेळी मोठ्यानं हसले. "बराबर! अक्षर तुमचं, रेघ आमची." मीही हसले. हात गेल्यापासून पहिल्यांदा. शब्दांवरची रेघ मी आजही तशीच, उलटी ओढते.

त्यानंतर रोज मधल्या सुट्टीत मी वर्गात बसून लिहायची. पुस्तकाची पानंच्या पानं उतरवून काढायची, अर्थाकडं न बघता, फक्त हात चालवायला. सर येता-जाता डोकावायचे. वर्तुळ काढायला त्यांनीच एक युक्ती सांगितली. उरलेल्या उजव्या अंगठ्यानं कर्कटकाचं टोक दाबून धरायचं आणि कर्कटक न फिरवता डाव्या हातानं कागद फिरवायचा. घरी वैरण, झाडलोट, भाकरी. प्लॉटचं काम त्या वर्षी संपलेलं होतं, त्यामुळं उपासाचे दिवस वाढले होते. दीड तास जाताना आणि दीड तास येताना मी डाव्या हाताच्या बोटांनी वाऱ्यात अक्षरं काढत चालायची. वाटेवरचे लोक म्हणायचे, पोरीला भ्रम झाला.

सराव परीक्षेत मात्र मी जेमतेम निम्मा पेपर लिहू शकले. येत सगळं होतं, वेळ पुरला नाही. मुख्याध्यापकांनी मायला शाळेत बोलावून घेतलं. माय त्या शाळेची पायरी पहिल्यांदा चढत होती. चपला बाहेर काढल्या, दारात उभी राहिली. काझी सरांनी खुर्ची दिली तरी बसली नाही.

मुख्याध्यापक समजावून म्हणाले, "हिला लेखनिक घ्या. नववीची एखादी मुलगी शेजारी बसेल, ही सांगेल, ती लिहील. बोर्डाची परवानगी मी आणतो. पण ही ऐकत नाही."

मी म्हणाले, "मी लिहीन सर."

"अगं, निम्म्या पेपरावर पास कशी होशील?"

 ते मायकडं वळले. "तुम्ही सांगा तिला. आणि हे झालं तरी कसं? हात यंत्रात गेला कसा?"

 बाहेर पोरं कवायत करत होती, शिट्टीचा आवाज येत होता. मायनं पदर तोंडाजवळ धरला आणि म्हणाली, "माझ्या हातानं झालं सायेब. चाक मी फिरवत व्हते."

ते शब्द मी तिच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही, टेबलाकडं पाहून बोलत राहिली. "एकदा माझ्या हातानं तिचं गेलं. तवापासून तिच्या कामात मी माझा हात आणत न्हाई. भाकरी जळती, मी बघते. घागर सांडती, मी बघते. माझी बोटं आपली आपण पुढं जात्यात, मी ती पदरात धरून बसते. ती म्हणती लिहिते, तर लिहू द्या. नापास झाली तर म्होरच्या बारीला बसंल. तिचं तिला करू द्या."

मी मायच्या हातांकडं पाहिलं. पदराच्या आत तिच्या मुठी आवळलेल्या होत्या. चार महिने त्या अशाच आवळलेल्या असणार, चुलीपाशी, विहिरीवर, मी नाडीशी झगडत असताना. मला वाटायचं ती बघत नाही. ती फक्त मलाच बघत होती. घरी जाताना वाटेत तिनं बांधावरची बोरं तोडली आणि माझ्या ओंजळीत टाकली. माझी ओंजळ आता पूर्ण होत नव्हती, दोन बोरं मधून खाली पडली. ती मी वाकून उचलली. माय थांबून राहिली.

इथं एक सांगून ठेवते. पुढं मी शिक्षिका झाले, आणि हात अधू असलेली मुलं माझ्या वर्गात आली तेव्हा त्यांना मी लेखनिक घ्यायलाच लावला. भांडून परवानगी आणून दिली. माझा हट्ट हा काही कुणी गिरवावा असा कित्ता नव्हे. मदत घेण्यात कमीपणा नसतो. पण त्या वर्षी मला मार्क नको होते, मला माझा हात परत हवा होता, आणि तो दुसऱ्या कुणाच्या हातानं येणार नव्हता.

परीक्षेत मी लिहिलं. उजव्या हाताचा अंगठा आणि करंगळी कागदावर रोवून धरायची आणि डाव्यानं लिहीत सुटायची. तिसऱ्या तासाला बोटं आखडायची, पेन गळून पडायचा. मग हात दोन गुडघ्यांत दाबायचा, दहा आकडे मोजायचे, पुन्हा एक ओळ. पर्यवेक्षक बाई माझ्या बाकाजवळ येऊन उभ्या राहायच्या आणि पुढं जायच्या. निकाल लागला तेव्हा बाकीचे सगळे विषय निघाले होते, गणित गेलं होतं. तेही काझी सरांचं गणित. मी शाळेच्या भिंतीला टेकून बसले. सरांना तोंड कसं दाखवायचं या विचारात होते, तर तेच समोर येऊन उभे राहिले. "ऑक्टोबर किती लांब हाय?" त्यांनी विचारलं. "चार महिने," मी म्हणाले. "मंग इथं बसून काय करून राह्यली?"

घरी मायनं विचारलं, "किती गेले?"

"एक."

"बाकीचे निघाले न्हवं. घागर घे, पाणी संपलंय."

त्या पावसाळ्यात मी क्रॉसिंगच्या प्लॉटवर परत गेले. मुकादम बाई म्हणाली, तुला जमायचं न्हाई. मी म्हणाले, आठ दिवस बघा. आधी कळ्या गळाल्या, बोलणी खाल्ली. मग डाव्या हाताच्या नखाला वाट सापडली. पूर्वीसारखी पहिली नव्हते, पण शेवटचीही नव्हते. कामावर बायका गाणी म्हणायच्या तेव्हा मी मनात प्रमेयं म्हणायची.

ऑक्टोबरचा गणिताचा पेपर. मी पास झाले, हे आधीच सांगून टाकते. पण मला आठवतो तो निकाल नव्हे. शेवटचं उदाहरण सोडवून मी उत्तराखाली रेघ मारली, मान वर केली आणि भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं. दहा मिनिटं शिल्लक होती. मला खरं वाटेना. पानं उलटून पाहिली, काही राहिलं नव्हतं. वर्तुळं गोल होती. शेजारची मुलं अजून मान खाली घालून लिहीत होती.

पर्यवेक्षक म्हणाले, "झालं असेल तर पेपर देऊन जा बाळ."

"न्हाई सर, बसते."

"काय राहिलंय?"

"काही न्हाई."

ते गोंधळून पुढं गेले. मी पेन खाली ठेवला आणि डावा हात बाकावर मोकळा सोडला. खिडकीबाहेर शाळेचं मैदान होतं, कडेच्या बाभळीखाली एक शेळी मागच्या पायांवर उभी राहून शेंगा ओढत होती. मी ती शेळी पाहत बसले. जन्मल्यापासून माझ्याकडं रिकामा वेळ असा कधी नव्हताच, सकाळ वैरणीची, दुपार शाळेची, सांज कळ्यांची. ही दहा मिनिटं मात्र मी एकेक ओळीनं कमावली होती, ती माझी होती, आणि ती वाया घालवायचा मला पुरा हक्क होता. शेवटची घंटा होईपर्यंत मी ती सगळी वाया घालवली.